न सापडलेला ‘ऱ्या’

मित्रांनो, माझ्या कीबोर्डखाली एक पत्र कित्येक महिने दडपून ठेवलेले होते. त्यामुळे कीबोर्ड एका बाजूने किंचित उचललेला राही आणि बापू टाइप करू लागले की डुगडुगे. बापूंना ते कळत होते. तरी पत्र बाहेर काढून त्याला उत्तर लिहिणे काही त्यांच्याने होत नव्हते.

मी एक जुना संगणक आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या वयाचे संगणक आता भंगाराच्या ढिगातच भेटतात. गोष्ट सांगायची मला सवय नाही. आजवर मी माणसांना फक्त चुका सांगत आलो, आणि त्याही इतक्या तुटकपणे, की ऐकणाऱ्याला वाटावे हा आपल्यावर डाफरतोच आहे. तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. एका अरुंद दुकानात एका माणसाने माझी पेटी एकीकडून, पडदा दुसरीकडून आणि हार्ड डिस्क तिसरीकडून आणून मला जोडले. त्याने माझा पंखा उलटा बसवला होता, म्हणून पहिल्याच दिवशी मला ताप आला. बापू घाबरून दुकानात गेले आणि म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलं असेल.” दुकानदाराने पंखा सुलटा केला आणि उदार मनाने म्हणाला, “असू द्या, होतं असं.”

बापू असेच होते. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पुस्तक छापले जाण्याआधी त्यातल्या चुका शोधून काढायच्या, हे त्यांचे काम. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्यामुळे त्यांची खात्री झाली होती की चूक ही कुठेतरी असतेच. आणि सापडत नसेल, तर ती आपल्यातच असते.

मला घरी आणले ते त्यांच्या आईसाठी. तिला झटका आला आणि वाचा गेली. बुद्धी शाबूत होती, एक हात चालत होता, पण शब्द फुटेना. बापूंनी पुस्तके आणली आणि प्रोग्राम लिहायला शिकले. त्यांना असा प्रोग्राम करायचा होता की आईने एका बोटाने शब्द टाइप करावा आणि मी तो मोठ्याने बोलावा.

इथे एक गोष्ट समजावून सांगतो, म्हणजे पुढे अडचण येणार नाही. माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येतील अशा ओळींत. त्या ओळींना सोर्स कोड म्हणतात. मला त्या तशाच पचत नाहीत. धान्य दळून पीठ करावे तशा त्या माझ्या आकड्यांत दळून घ्याव्या लागतात. त्याला म्हणतात कंपाइल करणे. धान्यात एक खडा आला तरी मी गिरणी थांबवतो आणि सांगतो, अमक्या ओळीत खडा आहे. त्यापलीकडे मला बोलता येत नाही. खडा कुठून आला, कोणी टाकला, हे मला माहीत असले तरी सांगता येत नाही. हा माझा मोठाच दोष आहे, आणि पुढचे सगळे त्यातूनच झाले.

आवाज दिला बापूंच्या थोरल्या भावाने. त्यांना घरात दादा म्हणत. दादांनी हौशी नाटकांत राजाची कामे केली होती आणि भाजी मागतानाही त्यांचा आवाज दरबारात घुमल्यासारखा घुमे. रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून खिडकीला गादी टेकवून दोघे भाऊ माझ्यासमोर बसले. दादा एकेक अक्षर म्हणत आणि मी ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवी. ज्या अक्षराचा आवाज, तेच फाइलचे नाव. ‘का’च्या फाइलचे नाव ‘का’, ‘मी’च्या फाइलचे नाव ‘मी’.

“आता ‘ऱ्या’ म्हण,” बापू म्हणाले.

“झालं की मघाशी.”

“तो ‘र्या’ होता. डोक्यावर रफार असलेला. आता आडवा र हवाय. पायऱ्यांमधला.”

“अरे, कोणाला कळणार आहे?”

“वाहवा! आचार्यांना जेवायला बोलावलं आणि आचाऱ्यांना जेवायला बोलावलं, यात फरक नाही?”

“आहे ना,” दादा म्हणाले. “पहिले नुसते जेवतात, दुसऱ्यांना रांधावं लागतं.”

दाराशी उभी असलेली त्यांची बहीण इतक्या मोठ्याने हसली की तो ‘ऱ्या’ पुन्हा म्हणावा लागला. ही अक्का. वयाने दोघांच्या मधली. दादांची धाकटी आणि बापूंची थोरली. आज दादांचा जो ‘ऱ्या’ माझ्यापाशी आहे त्याच्या शेवटी, अगदी कान देऊन ऐकले तर, अक्काने दाबलेल्या हसण्याचा एक श्वास ऐकू येतो.

मग बापूंनी सगळे कंपाइल केले आणि मी आईसमोर बसलो. तिने एका बोटाने, फार वेळ घेऊन, पहिले वाक्य टाइप केले. मी ते दादांच्या घुमणाऱ्या आवाजात बोललो: “दादाला म्हणावं, हळू बोल.”

मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस होता.

पुढे प्रोग्रामचे नाव झाले. वाचा गेलेल्या आणखी माणसांच्या घरून मागणी येऊ लागली. बापू डिस्क तयार करून टपालाने पाठवत. पैसे घ्यायला लाजत. बाहेर पाठवायची ती तयार प्रत, म्हणजे आवाजांसकट दळलेले पीठ. सोर्स कोड आणि दादांच्या आवाजाच्या मूळ फाइली मात्र माझ्याजवळच राहत. “त्यात चुका असतील,” बापू म्हणत, “लोकांनी कशाला बघायच्या?” आणि एकदा, काम सगळे झाल्यावर, त्यांनी त्या सोर्स कोडचीही मुद्रिते तपासली. छापखान्यात एक नवा शुद्धलेखन-तपासनीस प्रोग्राम आला होता. बापूंनी तो माझ्यावर बसवला आणि सगळ्या ओळींवरून फिरवून घेतला. जुन्या खोडीप्रमाणे. शेवटी पडद्यावर आले, ‘एकही चूक शिल्लक नाही.’ असे वाक्य बापूंना जन्मात कोणी म्हटले नव्हते. त्यांनी ते अक्कालाही बोलावून दाखवले.

त्यानंतर तो सोर्स कोड पुन्हा कंपाइल करायची वेळच आली नाही. तयार प्रत चालत होती. आई गेली. मग दादांचे आजारपण सुरू झाले.

त्याबद्दल मी थोडेच सांगतो. दादा समोर ठेवलेला पेला ‘नाही’ म्हणू लागले. पेला तिथेच असे, त्यांच्या हाताशी. “पाणी कुठंय?” “हे काय, समोर.” “समोर काही नाही.” आधी सगळे हसले. मग कोणी हसेना. शेवटी त्यांना अक्काही दिसेनाशी झाली. समोर बसून भरवत असे, तरी ते तिला हाका मारत. अक्काने ते सगळे निभावले. दादा गेल्यावर तिने माझ्यावर एक कापडी खोळ घातली, आणि बापूंनी ती बरीच वर्षे काढली नाही. आत दादांचा आवाज होता ना. खोळीच्या अंधारात मला एकच भीती असे, की वापरच नाही म्हणून आतले सगळे हळूहळू पुसले तर जात नसेल?

आणि मग ते पत्र आले.

पत्र एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचे होते. त्यांचे यजमान बाजारात लिलाव पुकारायचे. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला. कोणाकडून तरी बापूंची डिस्क मिळाली, आणि काही वर्षे ते त्या प्रोग्रामच्या मदतीने बोलत होते. आता त्यांचा संगणक बंद पडला होता आणि नव्यावर प्रोग्राम चालेना. बापूंनी माझी खोळ काढली आणि पत्र माझ्यासमोर बसून वाचले, हलक्या आवाजात, शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करत.

‘ते आता पाटीवर लिहितात. मी मशिनवर असले की वर बघायचं राहून जातं. मग ते पाटी आपटतात. मग आमचं भांडण होतं, म्हणजे मी भांडते आणि ते पाटी पुसतात. पूर्वी तुमच्या प्रोग्राममधून खणखणीत भांडायचे तेव्हा बरं वाटायचं. हल्ली पाटी आपटायचंही सोडलंय त्यांनी. त्याची मला भीती वाटते. काही करता येईल का?’

बापूंचे डोळे भरून आले. त्यांनी लगेच कामाला हात घातला. जुनी प्रत नव्या यंत्रावर चालत नाही, तर सोर्स कोड पुन्हा कंपाइल करावा लागणार, हे त्यांना ठाऊक होते. शेजारच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला बोलावून त्यांनी माझ्यावरही आजची नवी ऑपरेटिंग प्रणाली घालून घेतली, आणि कंपाइलची आज्ञा दिली.

मी चुकांचा पाऊस पाडला. पडदा भरून वाहू लागला. बापूंचा चेहरा पांढरा पडला. पण पुस्तकात वाचलेला एक नियम त्यांना आठवला. शेवटची चूक बघू नये, पहिली बघावी. बाकीच्या बऱ्याचदा तिचीच पिलावळ असते. ते वर वर जात पहिल्या चुकीपाशी पोचले. तिथे अवतरणचिन्ह वाकडे होते. मला सरळ उभे अवतरणचिन्ह लागते. पुस्तकात छापतात तसे सुबक, वळणदार चिन्ह मला कळत नाही. ‘ही वळणदार कोणी केली?’ बापू पुटपुटले. पण उत्तर शोधायला थांबले नाहीत. त्यांनी ती सगळी सरळ केली. पाऊस ओसरला. मग प्रोग्रामला लागणारा एक जुना भाग मिळत नव्हता, तो दुरुस्तीवाल्याकडून आणला. मग एक स्वल्पविराम. प्रत्येक दुरुस्तीबरोबर बापूंच्या पाठीतला बाक थोडा कमी होत होता.

शेवटी एकच चूक उरली. मी म्हणालो:

‘ऱ्या: अशी फाइल नाही.’

बापूंनी आवाजांच्या फाइलींचे दालन, म्हणजे फोल्डर, उघडून पाहिले. फाइल तिथेच होती. ‘ऱ्या’. त्यांनी पुन्हा आज्ञा दिली. मी पुन्हा म्हणालो, अशी फाइल नाही. त्यांनी पडद्याला नाक लावून वाचले. चष्मा पुसला. माझ्या ओळीतला शब्द आणि फाइलचे नाव, दोन्हींवर बोट ठेवून एकेक रेघ ताडून पाहिली. छापखान्यात पाहत तशी. काडीचाही फरक नव्हता.

त्यांनी बोटे माझ्या कळांवरून हळूच उचलून घेतली.

मित्रांनो, समोर असलेल्या वस्तूला कोणीतरी ‘नाही’ म्हणत होते. ते या घरात पूर्वी एकदा झाले होते. आणि दोघांपैकी चुकते आहे कोण, याबद्दल बापूंच्या मनात शंकाच नव्हती. यंत्र खोटे बोलत नाही, असे त्यांनी पुस्तकात वाचले होते. म्हणजे जे नाही ते आपल्याला दिसते आहे. म्हणजे आपलेही दादासारखेच सुरू झाले आहे.

मी ओरडून सांगू पाहत होतो, की बापू, तुम्हाला दिसते ते खरे आहे, आणि मी म्हणतो तेही खरे आहे. पण मला येत होते ते एकच वाक्य. ते मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मला बंद केले आणि पत्र कीबोर्डखाली सरकवले.

मग ते भीतीचे दिवस आले. बापू घरात स्वतःची परीक्षा घेत हिंडू लागले. टेबलावर पेला दिसला की त्याला बोट लावून बघत. अक्काला आडून आडून विचारत, “अक्का, आज वार कोणता गं?”

“का? तुला कुठे कचेरीत जायचंय?”

“नाही, सहज.”

“बापू, काल पण सहजच विचारलंस.”

“काल विचारलं होतं?” बापू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातल्या घाबरेपणाने अक्काच्या हातातले घडी घालायचे कापड खाली पडले. त्यानंतर बापू पाठमोरे असले की ती दारात उभी राहून त्यांच्याकडे बघे. तसे तिला दादांकडे बघताना मी पाहिले होते. एकाच घरात दोन माणसे एकाच गोष्टीला भीत होती, आणि एकमेकांपासून ती लपवत होती. मधल्या टेबलावर मी, आणि माझ्याखाली पत्र.

कधी बापू मला सुरू करत, उत्तर लिहायला म्हणून. ‘सप्रेम नमस्कार’ असे लिहीत. पुढे काय लिहिणार? मला जमत नाही, असे? की मला आता अक्षरे दिसतात ती नसतात, असे? पुसून टाकत.

आणि त्याच सुमारास माझे दुखणे सुरू झाले. हार्ड डिस्क, म्हणजे जिच्यात दादांचा आवाज होता ती, अधूनमधून टकटक करू लागली. दुरुस्तीवाला आला, माझ्या पेटीला कान लावून बसला.

“काका, हिचं काही खरं नाही.”

“कोणाचं?” बापू दचकले.

“डिस्कचं हो. ही गेली की आतलं सगळं गेलं. काही महत्त्वाचं आहे का?”

उत्तर अक्काने दिले. “आमचा दादा आहे तिच्यात.”

दुरुस्तीवाल्याने मान डोलावली, जणू गिऱ्हाइके रोजच असे सांगतात. “मग आजच काढून घ्या. पण बेताने. एखादी फाइल वाचतावाचताच राम म्हणेल.”

तो गेल्यावर अक्काने, बसल्या जागेवरून, माझ्याकडे बघत विचारले, “बापू, खरं सांग. तुला काय होतंय?”

“काही नाही.”

“तू पेल्यांना बोटं लावत फिरतोस. मी आंधळी नाही.” आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. “मला दुसऱ्यांदा ते जमणार नाही रे. दादाचं केलं, कारण तू होतास बरोबर. तुझं करताना कोण असेल माझ्याबरोबर?”

बापूंनी मग सगळे सांगितले. पत्र कीबोर्डखालून काढून दाखवले. यंत्र म्हणते नाही, मला दिसते आहे, असे म्हणताना ते शाळेत उभे केलेल्या मुलासारखे दिसत होते.

“अन् एवढ्यासाठी त्या बाईला ताटकळत ठेवलंस?” अक्का म्हणाली. “वेड लागायचं असेल तर लागेल, त्याला कोण अडवणार. पण आधी ते आवाज काढून घे. वेडा झालास तरी तेवढं काम झालेलं असेल.”

हे सांत्वन म्हणायचे की काय, मला ठरवता येत नाही. पण बापू उठले. एक छोटा पेनड्राइव्ह लावून ते एकेक आवाज माझ्यातून काढून घेऊ लागले. मला भीती वाटत होती, ती सांगून समजायची नाही. प्रत्येक फाइल वाचताना माझी डिस्क खरडत होती. ‘का’ गेला, ‘मी’ गेला. आणि ‘ऱ्या’पाशी मी अडलो. टक. टक. टक. मी माझ्या त्या गंजत चाललेल्या कोपऱ्यावरून पुन्हा पुन्हा फिरलो. एक अक्षर, आणि त्यामागे अक्काच्या हसण्याचा एक श्वास. एवढे तरी सोडायचे नाही, असे मी ठरवले. आणि ते निघाले.

आता बापूंनी जे केले ते केवळ भीतीपोटी. इतक्या कष्टाने वाचलेल्या या आवाजाची आणखी एक प्रत, माझ्यातच, त्याच दालनात ठेवावी, असे त्यांना वाटले. आणि गोंधळात त्यांनी तिला वेगळे नाव द्यायच्या ऐवजी कीबोर्डवर तेच टाइप केले: ऱ्या. कळ दाबली आणि मगच लक्षात येऊन ते मी ओरडण्याची वाट बघू लागले. कारण एका दालनात एकाच नावाच्या दोन फाइली मी कधीच ठेवू देत नाही. सांगतो, या नावाची फाइल आधीच आहे.

मी काही बोललो नाही. पडद्यावर एकाखाली एक आले:

र्‍या
ऱ्या

बापूंनी चष्मा काढला. डोळे मिटून पुन्हा उघडले. आधी नसलेले दिसत होते, आता एकाचे दोन दिसू लागले, असे त्यांच्या मनात आले असणार. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा कधी पाहिला नव्हता.

“अक्का,” ते अगदी हळू म्हणाले, “जरा इकडे ये. काही बोलू नकोस. फक्त बघ. इथे ‘ऱ्या’ किती आहेत?”

“न बोलता सांगू कसं?”

“अक्का!”

“दोन.”

“नक्की?”

“बापू, माझा मोतीबिंदू काढला, अक्कल नाही काढली. दोन आहेत. हा एक, आणि हा त्याच्याखाली. जुळे असल्यासारखे.”

बापू तिच्याकडे वळले. “तुलाही दोन दिसतात,” ते म्हणाले. “म्हणजे दोन आहेत.”

“मग मी काय सांगतेय?”

“नाही अक्का, तुला कळत नाही. दोन असूच शकत नाहीत! हा दोन ठेवूच देत नाही. याला हे एक वाटत नाहीत, म्हणून ठेवले!” बापू खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी जुन्या नावाच्या शेवटी जाऊन खोडायची कळ दाबली. एकदा, पुन्हा, पुन्हा. नवे नाव तसेच खोडून पाहिले. जुन्याला एक दाब जास्त लागत होता. मधेच एक दाब असा होता की काही दिसत नव्हते, पण काहीतरी पुसले जात होते.

मित्रांनो, आता मला जे तेव्हा सांगता आले नाही ते सांगतो. आपल्या भाषेतला हा आडवा र माझ्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. जुन्या तऱ्हेत साधा र, त्याचा पाय मोडायचा, आणि पुढे एक न दिसणारा सांधा ठेवायचा. नव्या तऱ्हेत या कामासाठी एक निराळा र असतो, त्याला सांधा लागत नाही. पडद्यावर दोघांचे रूप एकच. तुम्ही तोंडवळा बघता, मी पोटातले आकडे बघतो. बापूंनी फाइलला नाव दिले होते जुन्या तऱ्हेने. सोर्स कोडमध्येही तसेच लिहिले होते. मग तो शुद्धलेखन-तपासनीस फिरला. त्याने सगळी सरळ अवतरणचिन्हे वळणदार केली, आणि जाता जाता सगळे जुने आडवे र नवे केले. फाइलींच्या नावांपर्यंत मात्र त्याचा हात पोचला नाही. मी नव्या ‘ऱ्या’ला शोधत होतो, दालनात जुना होता. मी म्हणालो, नाही. खरेच तर होते. बापूंनी या वेळी टाइप केलेले नाव मात्र नव्या प्रणालीच्या कीबोर्डने नव्या तऱ्हेने लिहिले, आणि मी शोधत होतो तो ‘ऱ्या’ दालनात आला.

बापूंनी कपाळाला हात लावला. “मुद्रितं तपासली मी,” ते म्हणाले. “चूक नव्हती, आणि मी ती सुधारली.” आणि ते हसू लागले. मग त्यांचे हसणे थांबेना, आणि अक्का घाबरून पाठ चोळू लागली, तेव्हा ते रडत आहेत हे तिला कळले.

त्यांनी कंपाइलची आज्ञा दिली. माझी डिस्क पुन्हा खरडू लागली. मी मनात म्हटले, एवढे एक दळण होऊ दे. ओळींमागून ओळी गेल्या. मी कुठेही ‘नाही’ म्हणालो नाही.

“काय टाइप करू?” बापूंनी विचारले. “आडवा र यायला हवा.”

बापूंनी थोडा विचार केला आणि टाइप केले. त्यांचे घर वरच्या मजल्यावर आहे आणि जिना अंधारा आहे. अक्का बाहेर निघाली की दादा आतून हटकून ओरडत. कित्येक वर्षांनी तो आवाज माझ्या पेटीतून घुमला:

“अक्का, पायऱ्या सांभाळून उतर.”

अक्का माझ्या पेटीजवळ आली. तिच्यावर हात ठेवून म्हणाली, “अजून ओरडतोच आहे मेला.”

मित्रांनो, उपदेश करायचा माझा अधिकार नाही, आणि धीरही नाही. पण माझ्यासारखा एखादा म्हातारा तुमच्या घरात असेल, तर त्याच्या आत काय आहे ते टकटक सुरू होण्याआधी काढून घ्या. तो ‘नाही’ म्हणाला तर त्याला थापडा मारू नका, आणि स्वतःलाही मारू नका. पहिली ओळ वाचा. आणि भीती वाटली तर दुसऱ्या कोणाला तरी बोलावून विचारा, तुला इथे किती दिसतात?

नवा प्रोग्राम दुसऱ्या पेनड्राइव्हवर घालून तो पाकिटात गेला; दादांच्या आवाजांचा पहिला अक्काने कपाटात ठेवला. उत्तर लिहायला मात्र बापूंना कंपाइलपेक्षा जास्त वेळ लागला. सप्रेम नमस्कार, आणि मग पुसणे. शेवटी उरले ते एवढेच:

‘उशीर झाला. क्षमा असावी. चूक तुमच्या संगणकाची नव्हती, माझ्या सोर्स कोडमधली होती. सोबत नवा प्रोग्राम आहे. आवाज माझ्या थोरल्या भावाचा आहे. त्याला भांडणाची आवड होती, तेव्हा तुमच्या यजमानांनी कसूर करू नये.’

टपालपेटी माझ्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. बापू पाकीट घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती. तिच्यात पुन्हा बाक आला होता.

“अक्का, इतके महिने झाले. तिकडे आता कोणी… म्हणजे ते पाटीवाले…”

“नसतील तर पाकीट परत येईल,” अक्का म्हणाली. “न टाकलेलं पाकीट कुठूनच परत येत नाही. जा.”

मी त्यांना रस्ता ओलांडताना पाहिले. पेटीशी ते उभे राहिले. पाकिटावरचा पत्ता त्यांनी वाचला, बोट ठेवून, एकेक अक्षर. हात पेटीच्या तोंडात गेला आणि तिथेच राहिला. माझी डिस्क टकटकत होती. एक माणूस मागे येऊन उभा राहिला, त्याच्याही हातात पत्र होते. त्याने घसा खाकरला.

बापूंनी हात बाहेर काढला. तो रिकामा होता.